वर्षाच्या आतला नाताळ

“नाताळ काही आपला सण नाही. त्याला वर्ष पाळायचं कारण नाही,” जयंती दुकानाबाहेरच्या रांगेत उभ्या उभ्या नवऱ्याला म्हणाली.

मास्कच्या आत सारंगचं तोंड हललं की नाही, कळलं नाही. हार्लेम या डच शहरातल्या मोठ्या चर्चजवळच्या त्या गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. दुकानं एरवीही हल्ली पाचला बंद होत होती. पण उद्यापासून ती उघडणारच नाहीत, संध्याकाळी सरकार टीव्हीवर तेच सांगणार, ही बातमी फुटली होती. दुसऱ्या वर्षीही नाताळच्या तोंडावर लॉकडाऊन. लोक दिवे, मेणबत्त्या, झाडं, हाताला लागेल ते उचलत होते. जयंतीनंही सारंगला आणि नऊ वर्षांच्या मनूला, म्हणजे मृण्मयीला, उइटहॉर्नच्या घरून बसमध्ये घालून आणलं होतं.

सारंगची आई मे महिन्यात पुण्यात गेली. करोनानं नाही, झोपेतच गेली. पण विमानं बंद होती. थोरल्या भावानं, शिरीषनं, सगळं केलं आणि सारंगनं ते फोनवर पाहिलं. तेही चित्र मध्येच अडकायचं. विमानं सुरू झाली तोवर तेरावं होऊन गेलं होतं. “आता जाऊन करू काय?” एवढं म्हणून तो लॅपटॉप उघडून बसला. रडला नाही.

गंमत म्हणजे हा गृहस्थ जन्मभर आईच्या सोवळ्याओवळ्याची टिंगल करत आलेला. तिच्या उपासाची खिचडी तिच्याआधी फस्त करायचा आणि वर तिलाच विचारायचा, आज पुण्य किती जमलं म्हणून. आता मात्र त्यानं वर्ष असं कडक पाळायला घेतलं की एखाद्या भटजीनंही तोंडात बोट घालावं. गणपती नाही, दसरा नाही. दिवाळीत आकाशकंदील खोक्यातून निघालाच नाही. ओळखीच्यांनी रीतीप्रमाणे फराळाचे डबे आणून दिले, तर ते त्यानं मायलेकींपुढे सरकवले. स्वतः चकलीचा तुकडाही तोंडात टाकला नाही.

जयंतीला सणांचं एवढं नव्हतं. तिला भीती वाटत होती ती घराची. मृण्मयी अलीकडे घरात चवड्यांवर चालायला लागली होती. हसू आलं तर उशीत तोंड खुपसून हसायची. आता पुन्हा तिघं दारं लावून बसणार, शाळाही बंद, आणि हा माणूस असाच गप्प. खिडकीत एक दिवा तरी लागायला हवा, नाहीतर आपण तिघंही यातून बाहेर यायचो नाही, असं तिला अगदी आतून वाटत होतं.

शिवाय तिच्याजवळ हुकमाचं पान होतं. दिवाळीआधी पुण्याहून जाऊबाईंनी फोनवर हळूच सांगितलं होतं, की शलाकाच्या लग्नाचं बघायचंय, मुलाकडचे थांबायला तयार नाहीत, म्हणून सासूबाईंचं वर्षश्राद्ध आधीच उरकून घेतलं. “सारंगभावजींना एवढ्यात बोलू नकोस हं. लेकीसाठी घाई केली म्हणून त्यांना लागेल.” म्हणजे तिकडे वर्ष केव्हाच संपलं होतं. शिरीषच्या दारात दिवाळीच्या पणत्याही लागल्या होत्या. जयंतीनं ते इतके दिवस पोटात ठेवलं होतं.

रांग सरकली. दुकानात थोडेच लोक सोडत होते. आत शिरल्या शिरल्या मृण्मयीनं एक लाल कागदी तारा उचलला, आत दिवा लावायचा असतो तसला. तो छातीशी धरून ती बापाकडे बघत राहिली.

“बाबा, कॅन वी? आई सेज इट डझन्ट काउंट.”

सारंगनं ताऱ्याकडे बघितलं, मग दाराकडे. “जयू, तुम्ही घ्या काय ते. मी बाहेर थांबतो.”

“सात महिने तू बाहेरच थांबलायस,” जयंती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून बघितलं, पण आता तिला ते आवरेना. “ऐक. शिरीषभावजींनी वर्षश्राद्ध दिवाळीआधीच उरकलंय. वर्ष संपलंय, सारंग. केव्हाच संपलंय. तू कुणासाठी पाळतोयस?”

बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं. भरल्या दुकानात, लेकीसमोर सांगायची ही गोष्ट नव्हती. आता हा भडकणार, नाहीतर इथेच मटकन बसणार, या धास्तीनं तिनं मृण्मयीचा दंड घट्ट धरला.

सारंगनं लेकीच्या हातातून तारा घेतला. काउंटरवर नेला, यंत्राला कार्ड टेकवलं आणि पिशवी आणून पुन्हा तिच्या हातात दिली.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “दादाला मीच म्हटलं, उरकून टाक. शलाकाचं अडायला नको. वहिनीला ते ठाऊक नाही.”

जयंतीनं मृण्मयीचा दंड सोडला. “मग हे सगळं कशाला?”

“तुम्ही तारा लावा ना. मनूला मी कशाला अडवू?” तो थांबला. त्याचा मास्क डोळ्यांखाली ओला झाला होता, हे तिला आत्ता दिसलं. “दादानं खांदा दिला. अग्नी दिला. दहावं, तेरावं केलं, वर्षही केलं. त्याचं सगळं करून झालं, जयू. आईसाठी मला करता येईल असं एवढंच उरलंय, सण न करणं.”