मोरीवरची जाळी

पाणी पांडूच्या छातीपर्यंत चढलं होतं, तरी तो बांधाखालून नदीला पाणी सोडणाऱ्या मोरीच्या तोंडाशी रोवलेला बांबू सोडत नव्हता. बांबूला जाळी बांधलेली होती. जाळीच्या मागे, पावसाळाभर पाण्याखाली राहणाऱ्या खलाटीत, म्हणजे सखल शेतात, नऊ घरांनी मिळून सोडलेले रोहू आणि कटला होते. माशांची बोटभर पिल्लं, बोटुकली, रोह्याहून आणली होती. आता एकेक मासा वीतभर झाला होता.

सकाळपासून नदी फुगत होती. दुपारी जाळीला टेकू दिलेला दुसरा बांबू उखडून वाहून गेला, तेव्हा पांडू पाण्यात उतरला आणि राहिलेल्या बांबूला मिठी मारून उभा राहिला. जाळीत गवत अडकत होतं, त्याने पाण्याचा जोर आणखी वाढत होता. बांधावरून लोकांनी दोर टाकला, तो अगदी त्याच्या हाताशी पडला. त्याने तो कमरेला बांधला नाही.

सगळी घरं बांधावर जमली होती. कातकरवाडीतली सात आणि गावातली दोन. पांडूची बायको पारी हाका मारून थकली होती. तो का येत नाही, हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

गेल्या श्रावणात मोरीवर राखण पांडूची होती. पहाटे जाळी फाटलेली सापडली, मासे नदीला गेलेले. राखणदार झोपला असणार, असं गोरख म्हणाला. खलाटी गोरखची. तिथे दर साली भात बुडायचं, म्हणून त्याने ती माशांसाठी सगळ्यांना दिली होती. त्याचं बोलणं कुणी खोडलं नाही. पांडूनेही नाही, तो मान खाली घालून बसला. पुन्हा मासे गेले तर जमीन काढून घेईन, असं गोरखने भर बैठकीत बजावलं. तेव्हापासून पाण्यावर गेलं की बाया पारीला विचारायच्या, नवरा उठला का गो तुझा?

पाणी खांद्याला लागलं. बांबू वाकायला लागला.

पारी गोरखसमोर जाऊन उभी राहिली. "तुमी सांगा त्याला, दादा. माझा नाय ऐकत. तुमच्या शब्दापायी मरतोय तो."

गोरखने हाक मारली. मासे जाऊ देत, वर ये, म्हणाला. पांडूने तिकडे बघितलंही नाही. एक ओंडका वाहत आला आणि त्याच्या डोक्याला घासून गेला. पांडू क्षणभर पाण्याखाली गेला, पुन्हा वर आला. हात बांबूलाच होते.

गोरखने बांधावरच्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग तो पाण्याच्या अगदी कडेला गेला.

"पांडू, तू झोपला नव्हतास," तो ओरडला. "जाळी मी कापली. जाळीत गवत अडकून माझ्या वरच्या शेतात पाणी तुंबलं होतं, भात कुजायला लागलं होतं. रातोरात येऊन मीच कापली."

 पांडूने मान वळवली. तो गोरखकडे बघत राहिला, बराच वेळ. मग त्याने एक हात सोडला, दोर चाचपला आणि कमरेभोवती गुंडाळला.

दोर ओढायला सगळ्यांत पुढे गोरखच होता. पांडूचे पाय बांधाला लागले तोवर बांबू मोडला, जाळी गेली, मासेही गेले. गोरख बाजूला जाऊन एकटाच बसला. त्याच्याजवळ कुणी गेलं नाही.

पारी नवऱ्याचं डोकं पदराने पुसत होती. पुसता पुसता तिला रडू फुटलं. वरीसभर फुकट बोलणी खाल्ली, म्हणाली. तो थंडीने कुडकुडत होता.

"मला ठावं व्हता," तो तिला हळूच म्हणाला. "मी बघितला व्हता त्यांना कापताना."

पारीचा हात थांबला. मग गप का बसलास, तिने विचारलं.

"तवा बोललो असतो, तर त्यांनी तवाच जमीन काढून घेतली असती," पांडू म्हणाला. "आज ते स्वतः बोलले, सगळ्यांसमोर. आता मासे गेले तरी जमीन कुठल्या तोंडानं परत मागतील?"