नेर्मीनची कॉफी

वेदातचं तोंड आलं की ते चिवट पाहुण्यासारखं मुक्काम ठोकायचं, आणि 'मिरची कमी खा' यापलीकडे तुर्कस्तानातल्या आंतेप शहरात कुणाला औषध सुचत नव्हतं. अखेर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हाताला नुसती सुई टोचून पाहिली. परवा त्या जागी पुवाची पुळी उठलेली बघून त्या म्हणाल्या, "बेहचेट नावाचा आजार आहे हा, त्यानेच सारखं तोंड येतं. गोळ्या चालू करा. फारच दुखलं तर हे मलम लावा, तोंड बधिर होईल."

आज नेर्मीनला मागणी घालायला जायचं होतं. "तिथे तोंड वेडंवाकडं केलंस तर याद राख," आईने बजावलं. वेदातने अर्धी ट्यूब तोंडात चोपडली. ओठ आपले की शेजाऱ्याचे, हेही त्याला कळेना.

नेर्मीनच्या गावात मुलीला तोंडी विचारत नाहीत. तिने कॉफीत साखर घातली तर होकार. मीठ घातलं तर मुलाने कप खाली ठेवून निमूट घरी जायचं.

वेदातने कप रिकामा केला. त्याला काहीच लागलं नाही. मुलगी मात्र मनात भरली होती.

"काय वेदात, कशी झालीय?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"गोड आहे."

लगेच बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, अंगठ्या निघाल्या.


कप उचलायला वाकलेली नेर्मीन त्याच्यापुरतं हळूच म्हणाली, "मीठच मीठ होतं त्यात. आणखी किती मोठ्याने नाही म्हणायचं?"