अण्णांचं इन्सुलिन

फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या कुप्या महिनाभर तशाच पडून होत्या. वडिलांच्या टेबलावर मात्र होमिओपॅथीच्या गोळ्या, अॅक्युप्रेशरचा रोलर, वैद्यांचा काढा असा सगळा बाजार मांडला होता. स्वतः मधुमेहाची डॉक्टर असलेल्या शलाकाचं डोकंच फिरलं.

"तीनशेच्या वर गेलीय साखर, अण्णा! गावाला मी शहाणपण शिकवते आणि घरात हे?"

ती तडक वैद्यांकडे गेली.

"इन्सुलिन सोडू नका, असं मी दर खेपेला त्यांना बजावतो," वैद्य म्हणाले. "ते काढ्यासाठी येतच नाहीत हो. तासभर तुमच्या आईबद्दल बोलत बसतात."

शलाका घरी परतली तेव्हाही धुमसतच होती. "बोलायचं होतं तर मला सांगायचं ना!"

"सांगायलाच तुझ्या दवाखान्यात आलो होतो," अण्णा म्हणाले. "तू रिपोर्ट पाहिलास, डोस वाढवलास आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवलीस."

शलाका फ्रीजमधून कुपी घेऊन आली आणि त्यांच्याजवळ बसली. इंजेक्शन देऊन झाल्यावरही ती उठली नाही. "आईची फार आठवण येते का हो?"

"तुला दवाखान्याला उशीर होईल."

"होऊ दे."