पाठुंगळीचा हात

"बाबा, आज नको," लेकीने दारातच अडवलं. "आज तपासणीवाल्या बाई येणार आहेत."

बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करून आत शिरले. अंगावर ठेवणीतला सदरा, हातात पाण्याची बाटली. जणू वऱ्हाडी.

लेकीने कपाळाला हात लावला. चूक तिचीच होती. या कलादालनाची एक खोली तिच्या राखणीला होती. नोकरी अजून कच्ची, आणि घर तिच्या पगारावर. बाबांनी चाळीस वर्षं संगमरवरी फरश्या घासून गुळगुळीत केल्या. गुडघे गेले तसे घरी बसले आणि आईच्या प्रत्येक फोडणीत खोड काढू लागले. दोन वर्षांत आई टेकीला आली. तिने लेकीला हात जोडले, "ह्यांना कुठेतरी ने गं बाई."

म्हणून तिने त्यांना इथे आणलं. आणि बाबांनी ती बघितली.

वाकून उभी एक आई, पाठुंगळीला झोपलेलं लेकरू. दगड असा, की साय धरलेलं दूध. बाबा कितीतरी वेळ हलले नाहीत. जन्मभर ज्या दगडावर आपण ओणवे झालो, त्याच्या पोटात ही बाई उभी होती, आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही! त्यांचे डोळे भरून आले.

मग ते वळसा घालून मागे गेले, आणि आठ्या पडल्या. लेकराला सावरणारा आईचा डावा हात खडबडीत होता, टाकीच्या घावांनी भरलेला. कारागीर काम टाकून पळाला वाटतं, म्हणाले. लेकीने समजावलं, की ते घाव मुद्दाम ठेवलेत. तीच शिल्पकाराची सही, त्यावरूनच मूर्ती त्याची ठरते. बाबांनी मान हलवली. "असेल बाई. तुम्ही शिकलेली माणसं."

तेव्हापासून रोज दुपारी स्वारी हजर. येणाऱ्याजाणाऱ्याला दगडाच्या जाती सांगायचे. एका नव्या जोडप्याला म्हणाले, जरा सरका, बाईच्या तोंडावर तुमची सावली पडते. साहेबांनी लेकीला बोलावून झापलं. घरी राहा म्हणावं, तर बाबा जेवायचे नाहीत. शेवटी तिने मूर्तीमागे, भिंतीलगतच्या चिंचोळ्या जागेत त्यांना स्टूल टाकून दिलं. निदान कुणाच्या नजरेला तरी पडणार नाहीत. बाटली आत चालत नाही म्हटलं, तर गुडघ्याची गोळी कशाबरोबर घेऊ, हा प्रश्न. वाद घालून तिचंच तोंड दुखायचं.

घरी आईचं वेगळंच रडगाणं. काम सोडून दोन वर्षं झाली, तरी ह्यांच्या खिशातून पांढरी भुकटी निघतेच आहे. "दगड पार हाडात मुरलाय यांच्या. आता म्हातारपणी दगडाचीच बाई आवडली, त्यात नवल ते काय?"

एकदा खोलीत कुणी नव्हतं. आज सोक्षमोक्ष लावायचाच, म्हणून लेक मागे डोकावली. बाबा डोळे मिटून, मूर्तीला गाल टेकवून गुणगुणत होते. लेकीला झोपवताना गुणगुणायचे तेच, शब्द नसलेलं. ती पाय न वाजवता परतली. त्या दिवसानंतर तिने त्यांना टोकलं नाही.

पण आज गाठ तपासणीशी होती. शेरा चांगला आला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. मूर्तीला हात लावायची तिलाही मनाई, त्यामुळे तिने सकाळपासून नुसती जमीन चकचकीत केली होती. निदान आजच्या दिवस पुढच्या बाकावर बसा, गप्प राहा, असं तिने बाबांना विनवलं. ते शहाण्या मुलासारखे बसले.

बाई आल्या. चेहरा, खांदे, लेकराचं जावळ बघून त्यांनी समाधानाने कागदावर खुणा केल्या. मग बॅटरी घेऊन मूर्तीमागे गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

"इकडे या," त्यांनी लेकीला बोलावलं. आवाज विचित्र होता. "इथले टाकीचे घाव कुठे गेले?"

लेकीने उत्तर देण्याआधी बाबा गुडघे धरत बाकावरून उठले. सदरा नीट केला.

"सव्वादोन महिने लागले, बाई," ते लाजत म्हणाले. "कालच पुरं झालं. आता लेकराला टोचणार नाही."