खाणीवरचा हॉल्ट
"वामनभाऊ, आपल्याच गाडीले तिकीट कायचं?" असं हसत म्हणत खाणकामगारांच्या बाया डब्यात चढायच्या. वणीकडच्या कोळसाखाणीच्या हॉल्टवर तिकिटं विकायला मीच बसायचो. पण सगळे सोयरेच, त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे मागायला जीभ रेटायची नाही. एका दिवसापासून गाडी तिथं थांबेनाशी झाली. त्याच पावसाळ्यात शेजारच्या गिरजाताईची लेक बाळंतपणात अडली आणि दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेली; पोटातली पोर तेवढी जगली. पुढे खाणही मिटली, निम्मं गाव सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आलं. आज इथं सुरतेच्या डिंडोलीत त्याच पोरीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरताना ताई म्हणाली, "रेल्वेवाल्याईनं न सांगता हॉल्ट मोडला, नाहीतर माही लेक इथं असती. हो ना, भाऊ?" बावीस वर्षं मी नुसती मान हलवत आलो. शेवटी बोललो, "नाही, ताई. सहा महिने आधी रेल्वेचं पत्र आलतं माह्याकडं. तिकिटं खपवा, नाहीतर हॉल्ट बंद. म्या ते चुलीत घातलं."