दोन वर्षं शिल्लक

मासूमाची थोरली बहीण लग्न होऊन झांजिबारला गेली, त्याला वीस वर्षं झाली. तिला भेटायला जाण्यासाठी मासूमाच्या नवऱ्याने हौसेने दोघांचा मिळून एकच पासपोर्ट काढला होता. दर हिवाळ्यात तो विचारी, "औंदा निघूया?" ती म्हणे, "आंबे उतरू देत, मग बघू." १९३१च्या पावसाळ्यात तो तापाने गेला. विधवेने घरातच राहायची इद्दतची मुदत, चार महिने दहा दिवस, संपल्यावर ती पासपोर्ट घेऊन रत्नागिरीच्या कचेरीत आली. कारकुनाने तारीख तपासली. "मुदत अजून दोन वर्षं आहे, बाई. पण पासपोर्ट मालकांच्या नावावर. त्यांच्याशिवाय चालणार नाही. हा जमा करा, तुमच्या नावाचा नवा मागवू." मासूमाने पान उघडलं. दोघांचे फोटो शेजारीशेजारी होते. नवऱ्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. "ऱ्हाऊ दे," म्हणत तिने पासपोर्ट पदराखाली घेतला. पोस्टात जाऊन बहिणीला पत्र लिहवून घेतलं: "मी उशीर केला. आता तूच ये."