अबोल्यातला होलोग्राम

हलू नये म्हणून अच्युतरावांनी बायकोची माहेरची अत्तरदाणी न विचारता फरशीच्या तुकड्याला चिकटवून टाकली. कुमुदताईंनी अबोला धरला.

एरवी ते घरच्या घरी लेझरने होलोग्राम, म्हणजे वस्तू खरीच समोर आहे असं भासवणारं चित्र, काढायला बसले, की कुमुदताईंच्या बडबडीने उजेड टिपणारी काच थरथरायची आणि कोरी निघायची. आज घर चिडीचूप होतं. रसायनात धुतलेल्या काचेत अत्तरदाणी हुबेहूब उभी!

ती उचलायला कुमुदताईंनी काचेमागे हात घातला, तर मागे काहीच नव्हतं. त्या खुदकन हसल्या, अबोला सुटला, गप्पा सुरू झाल्या. पुढची काच पुन्हा कोरी.

जेवताना तिसरी वाटी आमटी ओरपून अच्युतराव म्हणाले, "आमटी बिघडलीय हं आज."

कुमुदताईंनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. "काच लावायची असेल तर सरळ सांगा, गप्प बसते. माझ्या आमटीला कशाला नावं ठेवता?"